अद्रकाची बिअर बाटलीत भरायची वेळ झाली हे नेमकं कशावरून ओळखायचं?

अद्रकवाला_खुलताबाद

नमस्कार मंडळी. वेरूळजवळ आमची शेती आहे, त्यात पाऊण एकर अद्रक. (पुण्याकडं आलं म्हणतात, आमच्याकडं अद्रकच.) भाव पडला तेव्हापासून डोक्यात होतं की या मालाचं घरी काहीतरी करून बघावं. म्हणून दोन महिन्यांपासून अद्रकाची बिअर करू राहिलो. विरजण घरचंच: सालासकट किसलेलं अद्रक, चमचाभर साखर, पाणी, आणि रोज तेवढीच भर. या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशीच बरणीत फेस धरतो. ते गाळून १० लिटर पाण्यात टाकतो, सोबत ८०० ग्रॅम साखर, अर्धा किलो अद्रकाचा उकळून काढलेला अर्क आणि सहा लिंबं. सगळं पाण्याच्या जारमध्ये. झाकणातून नळी काढून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलेलं.

बुडबुडे थांबले की भरायचं, असं मी धरून चाललो होतो. या खेपेला चौथ्या दिवशी पहाटे बघितलं तर ग्लासात एक बुडबुडा नाही. सरबताच्या आठ रिकाम्या बाटल्या धुतल्या, भरल्या, झाकणं गच्च पिळली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या.

परवा रात्री अडीचला एक फुटली. काच पिठाच्या डब्यापर्यंत गेली, डब्याच्या पत्र्याला पोचा पडलाय. आई रोज पाच वाजता त्याच फळीखाली भाकरी थापायला बसते. अडीचच्या जागी पाच वाजलेले असते तर, हे मनातून जाईना. पीठ सगळं फेकून दिलं. आईला दोन दिवस झाले, तिकडं जाऊ देत नाही.

बाकीच्या सात बाटल्या अजून फळीवरच आहेत, हात लावायची हिंमत होत नाही. त्यांचं काय करू? आणि बुडबुडे थांबले होते तरी हे झालं कसं?

वाळूज_सेलर

भाऊ, आधी त्या सात बाटल्या. आत्ता दुपारी अजिबात हात लावू नका, ऊन वाढेल तसा आतला दाब वाढतो. उद्या पहाटे, सगळ्यात गार वेळेला जा. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, चेहऱ्याला हेल्मेट काच खाली करून, हातात चामडी मोजे. आधी लांबूनच सगळ्या बाटल्यांवर ओली वाकळ किंवा गोणपाट टाका. मग एकेक बाटली वाकळीत गुंडाळूनच बर्फाच्या टबात ठेवा. रसवंतीवाल्याकडं लादी मिळेल. चार-पाच तास गार झाल्यावर, वाकळ न काढता, झाकण केसाएवढं सैल करा आणि थांबा. सू आवाज बंद झाला की परत केसाएवढं. घरातल्या कुणाला जवळ उभं करू नका.

आता दुसरा प्रश्न. मी वाळूजच्या एका ब्रुअरीत २२ वर्षं सेलरला, म्हणजे आंबवणीच्या खात्यात होतो. नवीन पोरगं आलं की ते पहिल्या आठवड्यात हीच चूक करायचं, बुडबुडे बघून सांगायचं "साहेब, झालं". बुडबुड्यावरून काहीच ठरत नाही. गार पाण्यात गॅस जास्त मुरतो, गरम पाण्यातून तो बाहेर पडतो. तुमच्याकडं पहाटे २५-२६ अंश, दुपारी घरात ३८. पहाटे द्रव गार होतो, गॅस आत धरून ठेवतो, जारमधली हवाही आकसते, म्हणून नळी गप्प. त्याच दिवशी दुपारी दोनला बघितलं असतं तर परत बुडबुडे दिसले असते. उलटंही होतं: आंबवण कधीच संपलेलं असतं आणि निव्वळ उन्हानं नळी बोलत राहते. झाकण कुठं थोडं गळत असेल तर साखर जोरात उतरत असतानाही ग्लास शांत.

मोजायचं ते साखर किती उरली हे. साखर उतरते तसा द्रव हलका होतो, म्हणून घनता बघायची. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून घनता बघायची काचेची नळी) चालणार नाही, त्याची पट्टी १.१०० पासून सुरू होते आणि तुमचं सगळं काम त्याच्या खालीच चालतं. दूध संकलनावरचा लॅक्टोमीटर मात्र चालतो. त्यावरचे ३० म्हणजे १.०३० घनता. १० लिटरला ८०० ग्रॅम साखर म्हणजे सुरुवातीला २९ च्या आसपास आकडा यायला पाहिजे. घेताना नमुना दोन ग्लासांत दहा-बारा वेळा खालीवर ओता, नाहीतर बुडबुडे काचेला चिकटून लॅक्टोमीटर वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. आणि नमुना २७ अंशांवर आणा, आपल्याकडचे लॅक्टोमीटर त्याच तापमानाला बसवलेले असतात. ३८ अंशांच्या द्रवात तीन-साडेतीन आकडे कमीच दिसतील आणि तुम्हाला वाटेल बरीच साखर उतरली.

आता हिशेब बघा. आकडा १ ने उतरला की लिटरभर द्रवात साधारण अर्धा लिटर गॅस तयार होतो. बाजारातल्या बिअरच्या बाटलीत लिटरला अडीच लिटरच्या आसपास गॅस असतो, आणि ती बाटली जाड, गोल, दाबासाठीच केलेली. समजा तुम्ही १५ वर भरलं. उरलेले १५ आकडे बंद बाटलीत उतरले तर साडेसात लिटर गॅस. सरबताची काच ते कसं सोसणार?

खऱ्या बिअरला भरायची वेळ म्हणजे आकडा तीन दिवस जागचा हलला नाही ती. तुमची अद्रकाची बिअर तुम्ही गोड असतानाच मधेच अडवता, म्हणजे ती त्या अर्थानं "तयार" कधी होतच नाही. म्हणून काच नकोच. सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. अंगठ्यानं दाबून बघत जा. बाटली दगडासारखी लागली की लगेच फ्रिजमध्ये, आणि आठवड्यात संपवा. थंडीत यीस्ट, म्हणजे साखर खाऊन गॅस करणारं ते, मरत नाही, मंदावतं एवढंच.

अजून एक. आकडा १ उतरला की अल्कोहोल ०.१३ टक्का वाढतं. २९ वरून शून्यापर्यंत जाऊ दिलं तर पावणेचार टक्के, म्हणजे बिअरच झाली. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ मध्ये मद्याच्या व्याख्येत अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव येतो. विकायचा विचार मनात असेल तर बाटली घेण्याआधी राज्य उत्पादन शुल्कच्या कार्यालयात जाऊन विचारा.

गोदाकाठची

आमचं दुधाचं आहे, म्हणून लॅक्टोमीटरबद्दल सांगायलेय. दुकानात मागितला की २० च्या पुढंच आकडे असलेला हातात देतात. दुधाला तेवढा पुरतो, तुम्हाला नाही. शून्यापासून ४० पर्यंतचा मागून घ्या. आणि साध्या पाण्यात एकदा बुडवून बघा, शून्यावर उभा राहतो का ते. आमच्याकडच्या तीनपैकी एक पाण्यातच दोन दाखवतो.

आईंना काही लागलं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला.

नांदेडकर_मेलबर्न

इथं घरी स्वतःपुरती बिअर करायला परवानगी आहे, सहा वर्षं करायलोय. काकांच्या बोलण्यात एक भर. आकडा थांबला म्हणजे संपलंच असं नाही, कधी कधी अडकलेलं असतं. माझी एक खेप १.०४८ ला सुरू झाली आणि १.०२२ वर चार दिवस बसून राहिली. थंडीचे दिवस होते, यीस्ट झोपलं होतं. भांडं उबेला नेलं, हलकं हलवलं, आठवड्यात १.०११ वर आलं. त्या चार दिवसांच्या भरवशावर भरलं असतं तर तुमच्यासारखंच झालं असतं. म्हणून थांबलेला आकडा जास्त वाटला तर मी आधी ऊब देऊन बघतो.

भरायच्या आधी वाससुद्धा बघतो. नमुना झाकणाच्या बरणीत घेऊन अर्धा तास ६० अंशांच्या पाण्यात ठेवायचा, गार करून हुंगायचा. लोण्यासारखा वास आला तर यीस्टचं काम बाकी आहे, अजून दोन-तीन दिवस. मग बाटलीत गॅस धरावा म्हणून भरताना २० लिटरला १३० ग्रॅम साखर मोजून, काट्यावर, चमच्यानं नाही. प्रत्येक खेपेत एक बाटली प्लॅस्टिकची भरतो. काचेच्या बाटल्यांच्या आत काय चाललंय ते तिला दाबून कळतं.

अद्रकवाला_खुलताबाद

काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. साडेचारला उठलो, मोटारसायकलचं हेल्मेट, वाकळ ओली करून. सातही बाटल्या बर्फात गेल्या. सहा सू करत शांत झाल्या. सातवीचं झाकण जरा फिरवलं तर वाकळीतून फेस वर पत्र्याला लागला, पण बाटली हातात शाबूत. नंतर उरलेल्या रसात लॅक्टोमीटर टाकला. (ताई, पहिला दुकानदारानं २० च्या पुढचाच दिला होता, परत करून आणला.) २७ अंशांवर आकडा आला ११. म्हणजे एवढं होऊनही अजून लिटरला साडेपाच लिटर गॅस बाकी होता. तो आकडा बघून मी बराच वेळ ओट्याला टेकून उभा होतो.

नवी खेप सोमवारी लावली. सुरुवात २९. मंगळवारी संध्याकाळी २७, बुधवारी सकाळी २४. तेव्हाच सोड्याच्या बाटल्यांत भरली, वर चार बोटं जागा ठेवून. दुपारी बारापर्यंत दाबली की आत जात होती, पाच वाजता अंगठा रुतेना. फ्रिजमध्ये टाकल्या. आकडे आता जारवरच खडूनं लिहून ठेवतो, वेळेसकट.

काल एक उघडली. आईनं अर्धा ग्लास घेतला आणि म्हणाली, अद्रक कमी पडलं.