शॉशँकला ऑस्करने 'डावललं' की त्याचा पुरस्कार 'हुकला'?

प्रश्न

१९९४ च्या चित्रपटांवरून परवा पुन्हा जुंपली. विषय नेहमीचाच. रूपांतरित पटकथेचं, म्हणजे आधीच्या कथा-कादंबरीवरून लिहिलेल्या पटकथेचं ऑस्कर 'फॉरेस्ट गम्प'ला गेलं, ते खरं तर 'द शॉशँक रिडेम्प्शन'ला मिळायला हवं होतं. बोलण्याच्या भरात मी म्हणालो, "शॉशँकला सरळसरळ डावललं." एकाने तिथेच अडवलं: डावललं नाही, पुरस्कार हुकला. दुसऱ्याने वेगळाच फाटा फोडला: "तू इतका वेळ कथेचं कौतुक करतोयस, पुरस्कार पटकथेचा आहे." हा शब्दच्छल आहे की यात काही तथ्य आहे?

उत्तर

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. 'डावलणे'ला कर्ता लागतो आणि आधीपासूनचा हक्क लागतो. ज्येष्ठता डावलून बढती दिली, निष्ठावंताला डावलून उमेदवारी दुसऱ्याला दिली. म्हणजे कुणीतरी जाणूनबुजून बाजूला सारलं. शॉशँकला सात नामांकनं होती, त्यात पटकथेचंही होतं. पंगतीत पान मांडून बसवलेल्याला डावललं कसं म्हणणार? मात्र दिग्दर्शनासाठी त्याचे लेखक-दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँट यांना नामांकनच मिळालं नाही. तिथे 'डावललं' खुशाल म्हणा, शब्द चपखल बसतो.

'हुकणे'त दोष कुणाचाच नसतो. नेम हुकतो, गाडी हुकते. तुम्हाला निकाल चुकला असं म्हणायचं असेल तर तोही शब्द तोकडा पडेल. 'अन्याय झाला' म्हणा, म्हणजे निदान तुमची बाजू तरी कळेल.

उत्तर

मला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे श्रेयनामावलीत 'कथा-पटकथा-संवाद' एका दमात येतं, त्यामुळे तिन्ही एकच आहेत असा समज झालाय. शॉशँकची कथा स्टीफन किंगची. डॅराबाँटना नामांकन होतं ते त्या कथेचं त्यांनी काय केलं यासाठी.

आणि त्यांनी बरंच केलं. मूळ दीर्घकथेत नायक अँडीच्या तुरुंगवासात एकामागून एक तुरुंगाधिकारी येतात नि जातात. डॅराबाँटनी त्या सगळ्यांचा मिळून एकच नॉर्टन केला. त्यामुळे खलनायकाला चेहरा आला आणि शेवटचा हिशोब कुणाशी चुकता व्हायचा हे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक झालं. अँडी निर्दोष असल्याचं सांगू शकणाऱ्या टॉमी या कैद्याचंही तसंच. किंगच्या कथेत त्याची दुसऱ्या तुरुंगात बदली होते, चित्रपटात त्याला गोळी घातली जाते. घटना तीच, की निर्दोषत्वाचा साक्षीदार हातचा जातो. पण बदलीने कथा पुढे सरकते आणि गोळीने अँडीचे परतीचे दोर कापले जातात. घटनांची ही निवड, त्यांची जोडणी आणि क्रम म्हणजे पटकथा.

प्रश्नकर्ता

म्हणजे माझं म्हणणं बरोबरच की! पुरस्कार शॉशँकचाच होता.

उत्तर

थांबा, गम्पची बाजूही ऐका. विन्स्टन ग्रूमच्या १९८६ च्या कादंबरीत फॉरेस्ट अंतराळात जातो, सोबत ओरँगउटान असतो. पटकथाकार एरिक रॉथनी हे सगळं कापून टाकलं. किंगच्या कथेला सांगाडा होता, डॅराबाँटनी तो घट्ट केला. रॉथना मुळात सांगाडा शोधावा लागला. रूपांतराचं काम म्हणून बघाल तर रॉथचं जास्त अवघड. मी त्यांनाच मत दिलं असतं.

चित्रपटातलं 'आयुष्य चॉकलेटच्या डब्यासारखं असतं' हे वाक्य आठवा. कादंबरीत ते जवळपास उलट आहे: मूर्ख असणं म्हणजे काही चॉकलेटचा डबा नव्हे. कडवटपणा काढून त्याची आईची शिकवण केली, ती चित्रपटात. अर्थात वाक्य म्हणून ते संवादात मोडतं. ऑस्करमध्ये संवादाला वेगळं बक्षीस नाही, ते पटकथेच्याच खात्यात जमा होतं. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत २००९ पासून बरीच वर्षं स्वतंत्र पटकथा, रूपांतरित पटकथा आणि संवाद असे तीन वेगळे विभाग होते. 'दशक्रिया'साठी संजय कृष्णाजी पाटील यांना मिळाला तो यातला रूपांतरित पटकथेचा. मूळ कादंबरी बाबा भांड यांची.

उत्तर

'रूपांतरित' या शब्दावरच माझा आक्षेप आहे. शॉशँक-गम्पला तो चालतो, जरी कादंबरीवरून चित्रपट होतो तेव्हा समीक्षक 'माध्यमांतर' म्हणतात आणि ते अधिक नेमकं आहे. पण ऑस्करच्या नियमाने जुनी पात्रं घेऊन लिहिलेला पुढचा भागही याच गटात जातो. 'नाइव्हज आउट' स्वतंत्र पटकथेत होता. त्याच गुप्तहेराची नवी, अगदी कोरी कथा असलेला 'ग्लास अनियन' मात्र दुसऱ्या गटात गेला. तिथे रूपांतर कशाचं झालं? 'आधारित पटकथा' म्हटलं तर निदान पात्रांवर आधारित असा अर्थ तरी लागतो. 'बेतलेली'ही चालेल, फक्त जिवावर बेतल्यासारखं वाटायला नको.

'मूनलाइट'ची तर याहून मजा. अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेने त्याला स्वतंत्र पटकथा मानलं आणि त्याच गटातला पुरस्कार दिला. ऑस्करने न झालेल्या नाटकाचा आधार धरून तो दुसऱ्या गटात टाकला आणि तिथला पुरस्कार दिला. एकच संहिता, एकाच मोसमात स्वतंत्रही आणि रूपांतरितही!

प्रश्नकर्ता

'आधारित' पटलं. 'डावललं' मागे घेतो, पण फक्त पटकथेपुरतं. दिग्दर्शनाच्या बाबतीत ठेवतो. आणि रॉथ यांचं काम अवघड होतं म्हणून पुरस्कार त्यांचा, हे अजिबात मान्य नाही. बक्षीस कष्टाला असतं की जे कागदावर उतरलं त्याला? नॉर्टन आणि टॉमी या दोन बदलांच्या तोडीचं, नुसती काटछाट सोडून, गम्पच्या संहितेतलं काही दाखवा, मग पुढे बोलू.