पर्वा आहे, पण कोणापासून?

'आपल्या लोकांना प्रायव्हसीची पर्वाच नाही, ओपीडीची रांग टळते म्हटलं की हॉस्पिटलचा क्यूआर कोड स्कॅन करून आपली माहिती देऊन मोकळे होतात' असं डिजिटल आरोग्य नोंदींबद्दल म्हटलं जातं. हे मत मला अर्धंच पटलं. पर्वा आहे, फक्त ती सर्व्हरपासून नसते. ती शेजाऱ्यापासून, सासरपासून, ऑफिसातल्या साहेबापासून असते. टीबीची औषधं घ्यायला मुद्दाम लांबच्या दवाखान्यात जाणारी माणसं बेफिकीर नक्कीच नव्हेत.

आभा नंबर (सरकारच्या डिजिटल आरोग्य योजनेत रुग्णाच्या नोंदी जोडणारा १४ आकडी नंबर) ऐच्छिक आहे आणि योजनेच्या रचनेनुसार रेकॉर्ड एका ठिकाणी साठत नाहीत. ते ज्या त्या हॉस्पिटलकडेच राहतात आणि संमती दिल्यावर दुसऱ्याला दिसतात. कागदावर हे चांगलंच आहे. माझी शंका त्या संमतीबद्दल आहे. आधारला जोडलेला मोबाइल बऱ्याच घरांत नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. ओटीपी त्याच्याकडे जाणार. मग गर्भपाताची किंवा मानसोपचाराची नोंद दाखवायची की नाही, हे नक्की कोण ठरवणार? काउंटरवरचा माणूस तर 'ओटीपी सांगा' एवढंच म्हणतो, कशासाठी ते नाही.

हॅकिंगची भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यामुळे दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले तेव्हा कित्येक दिवस सगळं हातानं लिहून चाललं होतं. पण तेव्हाही चर्चा झाली ती रांगांची. आपली नोंद कोणाच्या हाती लागली असेल, हे विचारणारे थोडेच.