उकरायचं की झाकायचं?

जमिनीत गाडलेल्या जुन्या अणुकचऱ्याबद्दल एकांनी विचारलंय, "पुरलेलं आहे तर राहू द्या ना, उकरण्यातच धोका जास्त." शंका रास्त आहे, पण अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचं उदाहरण बघा.

१९४९ साली तिथल्या वाळवंटात अणुभट्ट्यांच्या चाचण्यांचं केंद्र उभं राहिलं. पण सगळ्यात अवघड घाण त्या भट्ट्यांची नव्हतीच! कोलोरॅडोतल्या रॉकी फ्लॅट्सच्या अण्वस्त्र कारखान्यातून १९५४ ते १९७० प्लुटोनियम या किरणोत्सारी धातूने माखलेला कचरा पिंपांत भरून इथे आणला आणि चरांमध्ये गाडला. काही वर्षं तर पिंपं रचलीही नाहीत, ट्रकमधून सरळ खड्ड्यात लोटली. १९६२ आणि १९६९ मध्ये बर्फ वितळून त्याच खड्ड्यांत पाणी शिरलं. खाली सुमारे ५८० फुटांवर स्नेक नदीच्या खोऱ्याचा भूजलसाठा आहे. लाखो लोकांचं पिणं आणि शेती त्यावर. पिंपांतल्या द्रावकांचा (सॉल्व्हंट रसायनांचा) अंश त्या पाण्यात सापडलासुद्धा. मग "राहू द्या" कसं म्हणायचं?

खोदलं तेही उघड्यावर नाही. आधी खड्ड्यावर कापडी छताचा प्रचंड मांडव, मग आत बंद केबिनमधून यंत्र चालवणारा माणूस गंजलेलं पिंप, गाळ, गाळण्या एकेक करून वेगळ्या काढतोय. कचरा गाडायच्या जागेच्या एकूण ९७ एकरांपैकी जेमतेम पावणेसहा एकर असे उपसले. निवडलेला कचरा न्यू मेक्सिकोतल्या मिठाच्या थरात, खोल जमिनीखाली जातो. उरलेल्यावर मातीचं जाड आवरण घालायचं ठरलंय.

म्हणजे सरसकट उकरणं नाही, पण सगळंच झाकून मोकळं होणंही नाही. प्लुटोनियम निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात हो!