३५ हजारांत डेस्कटॉप जुळवायचाय : ५६००जी की आय३-१२१००?

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

धाकटी बहीण सांगलीला सिव्हिल डिप्लोमा करतेय. मुख्य काम ऑटोकॅड (आराखडे काढायचं सॉफ्टवेअर), अधूनमधून स्केचअप (थ्रीडी मॉडेलसाठी). घरचा जुना पीसी मोठं ड्रॉइंग उघडलं की अडकतो, मग सबमिशनच्या आदल्या रात्री तिला मैत्रिणीकडे जाऊन बसावं लागतं. हे थांबवायचंय. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आहेत. ग्राफिक्स कार्ड यंदा झेपणार नाही, पुढच्या वर्षी बघू.

पहिला पर्याय एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर. ६ कोअर, आतलं वेगा ग्राफिक्स बऱ्यापैकी, कूलर बॉक्समध्येच. सोबत ए५२० मदरबोर्ड. दुकानदार त्याच भावात बी४५० देतोय, पण जुना स्टॉक निघाला तर बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय पीसी सुरूच होणार नाही, म्हणून तो नको. बी५५० साठी जास्त पैसे घालण्यातही मला अर्थ दिसत नाही, कारण ५६००जी स्वतःच पीसीआयई ३.० वर (कार्ड-एसएसडी जोडणीच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीवर) थांबतो. कुणाचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा.

दुसरा पर्याय इंटेलचा आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड. कोअर ४ च, पण ऑटोकॅडचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं आणि तिथे हा प्रोसेसर सरस आहे. माझं घोडं इथेच अडलंय. एका कोटेशनमध्ये स्वस्त पडतो म्हणून १२१००एफ लिहून दिलाय. त्यात ग्राफिक्सच नाही, म्हणजे कार्ड घेईपर्यंत स्क्रीनवर काहीच दिसणार नाही! शिवाय एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारच्या रॅमसाठी येतात, त्यामुळे रॅम घेण्याआधी बोर्डाचं पूर्ण मॉडेल तपासावं लागेल.

रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिक घेणार. दुकानदार म्हणतो १६ ची एकच घ्या, पुढे वाढवता येईल. पण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे ड्युअल चॅनेलचा (दोन स्टिक एकाच वेळी वापरण्याचा) फरक चांगलाच जाणवतो, निदान ५६००जीला तरी. स्टोरेजला ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी नक्की.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारं युनिट. जुन्या कॅबिनेटसोबत आलेल्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट छापलंय, पण लेबलवर १२ व्होल्टसमोर फक्त १६ अँपिअर आहेत. म्हणजे १९२ वॅटच. ६५ वॅटच्या प्रोसेसरला आज तेवढे पुरतील, पण इतक्या जुन्या युनिटवर नवीन बोर्ड लावायला माझं मन धजत नाही. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) ४५० वॅटचा घ्यावा, की पुढच्या कार्डाचा विचार करून आत्ताच ५५० चा?

मी नोकरीला ठाण्यात असतो, शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन सगळं एकदमच घेणार आहे. रोज ऑटोकॅडवर काम करणाऱ्यांनी कृपया एवढं सांगा : डिप्लोमाच्या पातळीच्या ड्रॉइंगला या दोन प्रोसेसरमधला फरक खरंच जाणवतो का, की डोळे झाकून ५६००जी घेऊ?