अनुभव धागा : डोंग्यातून (लाकडी होडीतून) निवळ पाण्यावर पोहायला जायचं तर

मोहफूल
कोणीतरी धरणाच्या मागच्या अंगाचा फोटो पाठवला, डोंग्याखालचे गोटे दिसतात असा. लहानपणचं पाणी आठवलं. पोरं दिवाळीनंतर जाऊ म्हणतात, झाडीपट्टीतच, आपल्या पूर्व विदर्भात, कुठंतरी. पाण्याचं ज्यांना कळतं त्यांनी लिहा. केव्हा जावं, डोंगा कसा पाहावा, काय बिघडतं. कथा नंतर, आधी कामाचं.

बोडीकाठ
दिवाळीला लागलीच नको. पावसाळ्याची माती खाली बसायला वेळ लागतो, काळ्या मातीची तर फारच, कण बारीक असतात. मुरूम-खडकाचा काठ अन् मागे जंगल असेल तर पाणी लवकर निवळतं. डिसेंबर-जानेवारी चांगला. पुढे उन्हाळी धानाला पाणी सोडलं की पातळी उतरते, काठाला गुडघाभर चिखल उघडा पडतो. वर ऊन तापून पाणी हिरवं होतं ते वेगळंच.

वैनगंगाकाठ
गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर सोडून बोला. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये अन् तिथून वैनगंगेत येते. जलकुंभी पाहाले जायचं तर जा.

तुरीचा दाणा
😂 हाव ना बाप्पा

सातबारा
निवळ आहे की नाही ते नजरेवर सोडू नका. पांढऱ्या ताटलीला मधोमध भोक पाडा, खाली दगड बांधा, दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारा. डोंग्याच्या सावलीत सोडायची अन् कितव्या गाठीला दिसेनाशी होते ते पाहायचं. चार हात, म्हणजे सहा फूट मिळाले तर मस्त. दोन हाताच्या आत असेल तर बुडालेला माणूसही दिसणार नाही, तिथं उतरूच नये. ही ताटली 1865 साली सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्यानं समुद्रात सोडली होती, आजही सरोवरं तशीच मोजतात.
अन् निवळ पाणी फसवते. सरळ वरून पाहिलं तर खोली पाऊणच वाटते, आठ फूट असेल तर सहा. तिरपं पाहिलं तर अजून कमी. आधी बांबू टाकून मोजा, मग उतरा. डोक्याकडून सूर मारणं बंद. जुन्या धरणात झाडांची खुटं उभी असतात.

मोहफूल
ताटलीचं भारीच. घरची स्टीलची चालेल का?

सातबारा
चमकते, माप चुकतं. पांढरा रंग मारा. आणि वहिनींना विचारून न्या.

शिंगाडा
डोंगा म्हणाल तर आधी ढिवरभाऊंना, म्हणजे मासेमारांना, विचारा. तलावाचा मासेमारीचा ठेका बहुतेक त्यांच्याच सोसायटीकडे असतो, जाळी कुठं लावली ते त्यांनाच माहीत. जाळी संध्याकाळी लावतात, सकाळी काढतात. वर थर्माकोल नाहीतर रिकाम्या बाटल्या तरंगतात. नायलॉनची तार निवळ पाण्यात दिसत नाही, पायात अडकली तर ओढाताण करू नका. थांबा, सोबत्याला कापू द्या. चाकू कमरेला हवा, डब्यात नाही.
लाकडी डोंगा उन्हात पडून असेल तर फटी उघडतात. आदल्या दिवशी काठाजवळ पाणी भरून बुडवून ठेवा, लाकूड फुगून फटी मिटतात. मोठी फट डांबरानं. तरी पाणी उपसायला डबा पाहिजेच.
माणसं बसल्यावर काठ पाण्याच्या वर वीतभर राहिला पाहिजे. कमी असेल तर एक जण खाली उतरेल, चर्चा नाही.

मुरमाडी
वर चढायचं कुणी लिहिलं नाही. लोक बाजूनं लटकतात अन् डोंगा उलटतो. पुढच्या किंवा मागच्या टोकानंच चढायचं, आतल्यानं विरुद्ध टोकाला बसायचं. दोरीला दोन-तीन फासे मारून टोकाला लटकवा, पायरी होते.
नांगर म्हणून दगड. दोरी खोलीच्या तिप्पट, बांधायची पुढच्या टोकाला. बाजूला बांधली की वारा डोंगा आडवा करतो अन् लाट आत येते.

धानाची लोंबी
रोडगे, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, करणार का? वांग्याची भाजी अन् रोडगे नसले तर कशाला जायचं म्हणते मी

तुरीचा दाणा
ताई, गोवऱ्या डोंग्यात नेणार का 😄

धानाची लोंबी
काठावर ठेवायच्या ना भाऊ! भिजल्या तर पेटत नाहीत, पोत्यात नको, प्लास्टिकच्या टोपल्यात ठेवा.

बोडीकाठ
जातानाच वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवा, येताना थकलेले हात वाऱ्यासोबत येतात. सकाळी सातला निघून अकरापर्यंत काठाला. दुपारी वारा उठतो.
भिंत, सांडवा, कालव्याचं तोंड, तिकडे फिरकायचं नाही. पाणी वरून शांत दिसते, खाली ओढ असते. पाटबंधारेवाल्यांची परवानगी आधी काढा, पाटी लावलेली असेल तिथं वाद घालू नका. तोतलाडोह किंवा ताडोब्याच्या तलावाचा विचारही नको, मगरी आहेत.

सातबारा
हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर परत फिरा. निळ्या-हिरव्या शेवाळात विष असू शकतं, असलं पाणी पिऊन जनावरं मरतात. अन् जिथं शिंगाड्याचे वेल असतील तिथं अनवाणी नको, काटे तळात पडलेले असतात.

शिंगाडा
माझ्या नावाची बदनामी 🙏

मुरमाडी
लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यांनाही. खांद्याला धरून वर ओढून पाहा. कानापर्यंत आलं तर ढिलं आहे, पट्टा आवळा. शिवाय तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट, तीस फूट दोरी. साधारण पाच किलो वजन तरंगतं ठेवतो, डोकं वर राहायला पुरतं. बुडणाऱ्याकडे पोहत जायचं नाही, कॅन फेकायचा.
बाहेर काढल्यावर उलटं धरून गरगर फिरवणं, पोट दाबणं अजिबात नाही. श्वास नसेल तर आधी तोंडानं पाच श्वास, मग छाती दाबणं सुरू. एकानं 108 लावायचा. रेंज कुठल्या काठावर येते ते आधीच पाहून ठेवा.

वैनगंगाकाठ
खर्रा (सुपारी-तंबाखू) खाऊन पाण्यात थुंकणाऱ्याले पहिले उतरवा. ताटली दिसणार नाही.

मोहफूल
कॅन दोन घेतो. डोंगा शनिवारी बुडवतो. रोडग्यांची माणसं मोजायला ताई तुम्हीच या.

धानाची लोंबी
कणीक किती माणसांची ते आधी सांगा, मग येते.