आईच्या मरणावर न रडणारा नायक आपल्याला जवळचा का वाटतो?

पानगळ :
आल्बेर काम्यूची 'द आउटसायडर' (१९४२) ही कादंबरी पुन्हा वाचली. तिचा नायक म्युरसो आईच्या शवपेटीशेजारी दुधाची कॉफी पितो, सिगारेट ओढतो. दुसऱ्या दिवशी मैत्रीण मारीबरोबर पोहतो, विनोदी सिनेमा बघतो. पुढे अल्जेरियातल्या समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाचा खून करतो. तरीही खटला सुरू झाला की मी त्याच्याच बाजूने असते.

कारण तो खोटं बोलत नाही. त्याचाच वकील विचारतो, 'त्या दिवशी तू भावना आवरून धरल्या होत्यास, असं सांगू का?' तो नाही म्हणतो, कारण ते खरं नाही. मृत्युदंड समोर दिसत असतानाही माणूस खोटं दुःख दाखवायला तयार नाही, आणि सरकारी वकील खुनापेक्षा त्या कॉफी-सिगारेटचाच जास्त कीस पाडतो. अशा वेळी मला त्याच्याबद्दल माया वाटते, आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही.

आडवाट :
साफ असहमत. कादंबरीच्या पहिल्या भागातलं ते पत्र विसरलात का? शेजारच्या रेमंडला आपल्या बाईला धडा शिकवायचा असतो. तिला बोलावून घेणारं पत्र म्युरसो लिहून देतो. नंतर भिंतीपलीकडून तिच्या किंकाळ्या येतात. मारी म्हणते, पोलिसांना बोलाव. हा म्हणतो, मला पोलीस आवडत नाहीत. वर पोलिसांसमोर रेमंडच्याच बाजूने साक्ष देतो! याला प्रामाणिकपणा म्हणायचं?

त्याच्याबद्दल आपल्याला माया वाटते, कारण अख्खी गोष्ट तोच सांगतो. ऊन त्याच्या डोळ्यांत जातं तेव्हा आपलेही डोळे दिपतात. मेलेल्या माणसाला साधं नावही नाही. ती बाई सांगत असती तर तुम्ही हा धागा काढला असता का?

पानगळ :
पत्राचा मुद्दा जड आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्याला काहीच वाटत नाही, हे मान्य नाही. म्हाताऱ्या सालामानोचा कुत्रा हरवतो तो प्रसंग बघा. रात्री भिंतीपलीकडून म्हाताऱ्याच्या रडण्याचा आवाज येतो. म्युरसोला का कोण जाणे, आई आठवते. लगेच तो म्हणतो की उद्या लवकर उठायचंय. भूक नाही म्हणून न जेवता झोपतो. त्या रात्री त्याला भूक का नव्हती? काम्यू सांगत नाही, म्युरसोही सांगत नाही. दुःख झालंय हे त्याचं त्यालाच उमगत नसावं. मी गुंतते ती अशा जागांपाशी.

जुनी_वही :
मला इथे नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) आठवते. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर सगळ्याच गोष्टी उडवून लावतो, पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी ते कवच फुटतं. पांडुरंगचा तुटलेपणा सोसण्यातून आलेला आहे, म्हणून तो आपला वाटतो. म्युरसोचं कवच असं कुणासाठी फुटत नाही. शेवटी तुरुंगात आलेल्या पाद्र्यावर भडकतो तेही स्वतःसाठीच. त्याच्याबद्दल मला कुतूहल खूप वाटतं, सहानुभूती नाही. या दोन गोष्टी आपण वाचताना फार सहज एक करून टाकतो.

आडवाट :
जुनी_वही, +१.

पानगळ, न जेवता झोपण्याचं वाचन सुंदर आहे, खरंच. पण ते वाचायला जेवढं बारीक लक्ष दिलंत तेवढंच गोळ्यांकडेही द्या. पहिली गोळी झाडल्यावर तो थांबतो. मग निपचित पडलेल्या देहावर आणखी चार झाडतो. मध्ये का थांबलास, असं तपास करणारा न्यायाधीश पुन्हा पुन्हा विचारतो, तेव्हा हा गप्प बसतो. आईबद्दलच्या मौनात तुम्हाला दुःख दिसतं. मग या मौनात काय दिसतं? अल्जेरियाच्याच कामेल दाऊदने २०१३ साली त्या अरबाच्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली आणि मृताला मूसा हे नाव दिलं. ती वाचा.

पानगळ :
वाचते. पण म्युरसोला मृत्युदंड त्या चार गोळ्यांसाठी झाला असता तर मी गप्प बसले असते. त्या न्यायालयालाही मूसाशी काही देणंघेणं नव्हतं.