नव्या गाडीवर हात बसला, हे मोजायचं कसं?

पलासिया_ट्रान्सपोर्ट
इंदूर ते पीथमपूर शिफ्टच्या ने-आणीचं काम बघतो. १२ चालक आहेत, सगळे वर्षानुवर्षं क्लचच्या डिझेल गाड्या चालवणारे. आता ८ इलेक्ट्रिक ऑटोमॅटिक गाड्या येतायत, शिवाय पाहुण्यांसाठी २ युरोपीय सेडान, ज्यांची इंडिकेटरची दांडी डावीकडे आहे. काही जुन्या गाड्या राहणारच, म्हणजे एकच माणूस आज ही चालवणार, उद्या ती. चालक म्हणतात, सुपर कॉरिडॉरवर एक चक्कर मारली की झालं. मला ते पटत नाही. प्रवासी बसवण्याआधी किती दिवस सराव द्यावा? आणि हात बसलाय हे ओळखायचं कसं?

मानवी_घटक
दिवसांचा आकडा कुणी दिला तरी घेऊ नका. सराव मोजायचा तो कृतींवर. सुपर कॉरिडॉर सरळसोट आहे. तिथे तासभर गाडी हाकली तरी इंडिकेटर चार-सहा वेळा लागेल आणि रिव्हर्स एकदाही नाही. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत पंधरा मिनिटांत त्याहून जास्त कृती होतात (अर्थात सराव तिथे करायचा नाही, मोकळ्या मैदानात करायचा).

दुसरं, नवी सवय लागली म्हणून जुनी पुसली जात नाही. निवांत असताना माणूस विचार करून बरोबर दांडी धरतो. घाईत, थकव्यात किंवा बोलता बोलता हात जुन्या जागी जातो. हे फार आधी विमानांत दिसलं. फिट्स आणि जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये वैमानिकांच्या ४६० चुका तपासल्या, त्यांत सर्वांत मोठा गट होता एका नियंत्रणाऐवजी दुसरंच हाताळण्याचा. फ्लॅप (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) आणि चाकांचे खटके शेजारी आणि हाताला सारखे लागत, म्हणून चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञानं त्यांच्या मुठींना वेगळे आकार सुचवले.

तुमच्याकडे तोच प्रकार आहे. फोक्सवॅगन-स्कोडात इंडिकेटर डावीकडे, त्यामुळे सवयीचा उजवा हात वायपर चालू करतो. वायपरनं काही बिघडत नाही, पण त्या क्षणी मागच्याला वळण कळलेलं नसतं. मर्सिडीझमध्ये उजवी दांडी म्हणजे गिअर! त्या सेडान मर्सिडीझ असतील तर त्यांना वेगळा वेळ द्या.

चाचणी अशी घ्या:

आधी प्रत्येकाचा जुन्या गाडीतला आकडा (चुका आणि वेळ) घ्या. हे सगळे विसरतात. तुमची फूटपट्टी तीच आहे. नव्या गाडीत तो माणूस स्वतःच्या जुन्या आकड्याला पोचला की हात बसला.

मैदानात वेग १५ ते २० किमी. शेजारी बसलेल्यानं २० हुकूम द्यायचे, १० डावे, १० उजवे, पण चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. आलटून-पालटून दिले की चालक अंदाज बांधतो आणि निकाल फुकट जातो. एक फोन दांड्यांकडे आणि एक चेहऱ्याकडे लावा. ३० फ्रेमचा व्हिडिओ पुरतो, एक फ्रेम म्हणजे साधारण ३३ मिलिसेकंद. तीन गोष्टी लिहा: हाताची पहिली हालचाल कुठल्या दांडीकडे, हुकूम संपल्यापासून इंडिकेटर लागेपर्यंतचा वेळ, आणि नजर रस्त्यावरून खाली गेली का. वायपर लागायच्या आत हात मागे घेतला तरी ती चूकच धरा. खरी माहिती त्या अर्धवट हालचालीत असते.

मग तेच २० हुकूम परत द्या, पण या वेळी चालकानं १०० पासून तीन-तीन वजा करत मोठ्यानं मोजायचं. डोकं दुसरीकडे गुंतलं की जुनी सवय वर येते. या फेरीत जो चुकत नाही तोच तयार.

गुरुजी_ड्रायव्हिंग
दांड्यांपेक्षा मला पायांची काळजी वाटते. क्लचवाल्याचा डावा पाय पेडल तळापर्यंत दाबायला शिकलेला असतो. ऑटोमॅटिकमध्ये थांबताना तो पाय सवयीनं उठतो, रुंद ब्रेक पेडलवर पडतो आणि गाडी जागच्या जागी खिळते. मागचा येऊन आदळतो. पहिल्या दिवसापासून डावा पाय डेड पेडलवर (डावीकडची नुसता पाय टेकवायची पट्टी), टाच मागे ओढलेली. डेड पेडल नसेल तर पाय सीटजवळ घ्यायचा. उजवी टाच ब्रेकच्या रेषेत जमिनीवर टेकवायची आणि चवडा फिरवून रेसवर (ॲक्सिलरेटरवर) न्यायचा.

ब्रेकऐवजी रेस दाबली जाण्यावर अमेरिकेत १९८०च्या दशकात मोठा वाद झाला. गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशा तक्रारी होत्या. १९८९च्या सरकारी अभ्यासाचा निष्कर्ष असा की, बिघाड सापडला नाही अशा बहुतेक घटनांत पाय चुकीच्या पेडलवर होता. चालकाला वाटतं आपण ब्रेकच दाबतोय. गाडी थांबत नाही म्हणून तो अजून जोरात दाबतो. ब्रेक दाबल्याशिवाय पीमधून (पार्किंगमधून) गिअर निघत नाही, ही सोय त्याच काळात रुळली.

म्हणून रिव्हर्सचा सराव जास्त. मागे वळून बघताना कंबर फिरते, तिच्यासोबत टाच सरकते आणि ब्रेक समजून पाय रेसवर पडतो. शंकू लावून प्रत्येकाकडून १५ वेळा रिव्हर्स पार्किंग करून घ्या. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज चढत नाही, म्हणजे पाय चुकल्याची कानाला मिळणारी सूचनाही गेली. गाडी अनपेक्षित उचलली तर पहिलं काम दोन्ही पाय वर, मग ब्रेक. हे उभ्या, बंद गाडीत इतकं घोकून घ्या की सांगायच्या आत पाय उठेल.

आणि सीट. दोन चालक एकच गाडी वापरणार असतील तर ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील अशी सीट लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

बॅटरीवाला
दोन गोष्टी राहिल्या.

रिजनरेशन, म्हणजे मंदावताना तयार होणारी वीज बॅटरीत परत जाणं. रेसवरून पाय उचलला की गाडी स्वतःच मंदावते आणि चालक चार दिवसांत ब्रेक कमी वापरू लागतो. पण बॅटरी पूर्ण भरलेली असताना रिजन कमी मिळतं. रात्रभर चार्जवर लावलेली गाडी सकाळी पहिल्याच सिग्नलला अपेक्षेपेक्षा पुढे जाते ती यामुळे. सुरुवातीला रिजन सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा, सगळ्या ८ गाड्यांत तीच, आणि बदलायची मुभा देऊ नका.

स्क्रीन. स्वीडनच्या 'वी बिलॅगरे' मासिकानं २०२२ मध्ये ताशी ११० किमी वेगात चाचणी घेतली. बटणांच्या २००५च्या व्होल्व्होत चार कामं १० सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या टचस्क्रीनच्या गाडीला ४४.९ सेकंद लागले, १३७२ मीटर. चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता, तरीही. म्हणजे काही अडचणी सरावानं जात नाहीत, कारण सपाट काचेवर बोट चाचपडत नेता येत नाही. एसी आणि मॅप गाडी हलण्याआधी लावा.

पलासिया_ट्रान्सपोर्ट
फार उपयोगी. जुन्या आणि नव्या गाड्या आलटून-पालटून द्याव्या लागतील, त्याचं काय करू? आणि १२ जणांचे २० हुकूम म्हणजे २४० नोंदी, एवढ्या पुरतील ना?

मानवी_घटक
नोंदी २४०, माणसं १२च. सगळं एकत्र करून सरासरी काढू नका. प्रत्येकाचा वेगळा आलेख काढा, आडव्या अक्षावर हुकमाचा क्रमांक, उभ्यावर वेळ. रेघ आधी झपाट्यानं उतरेल, मग सपाट होत जाईल. सपाट झाल्यावरही ती जुन्या गाडीच्या आकड्यापेक्षा वर राहिली, तर उरलेला फरक सरावाचा नाही, गाडीच्या रचनेचा आहे.

सेडान आणि जुनी गाडी यांची तुलना करायची असेल तर सहा जणांनी आधी ही, सहा जणांनी आधी ती. नाहीतर गाडीचा फरक कुठला आणि मैदानाच्या सरावाचा कुठला, हे वेगळं करता येणार नाही.

आलटून-पालटून देणं पहिले तीन आठवडे टाळाच. ड्यूटी लावताना एका चालकाला एकाच प्रकारची गाडी. मग सात दिवस मध्ये जाऊ देऊन चाचणी पुन्हा घ्या, हात मोकळा करायला वेळ न देता. त्यातले पहिले पाच हुकूम सर्वांत मोलाचे, कारण ड्यूटी बदललेल्या दिवशी चालक त्याच अवस्थेत सीटवर बसतो. जुन्या गाडीत परतल्यावरही चाचणी घ्या. रिजनची सवय लागलेला माणूस डिझेल गाडीत नुसता पाय उचलून वाट बघतो.

गुरुजी_ड्रायव्हिंग
उतरण्याचा क्रमही पक्का करा. २०१६ मध्ये फियाट क्रायसलरनं सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. गिअरची दांडी प्रत्येक वेळी मधोमध परत येई, त्यामुळे पी लागला की नाही हे हाताला कळत नसे आणि लोक गाडी पीमध्ये नसताना उतरत. आवाज नसलेल्या गाडीत ही भीती जास्त. ब्रेक दाबलेला, पीचं बटण, पार्किंग ब्रेक, मग पडद्यावरचा 'पी' बोट दाखवून मोठ्यानं वाचायचा, त्यानंतरच बेल्टला हात. पीथमपूरच्या गेटवर रोज दोनदा हे होणार आहे. पहिला आठवडा सुपरवायझरनं गेटवर उभं राहून ऐकावं.